खालच्या तुकड्यातलं फळ

"तेवढी शेवटची राहिली बघा, आत्या," साहेब म्हणाले आणि नाकावरचा रुमाल सावरत दोन पावलं मागे सरकले.

आत्याने श्वास रोखून ओळीच्या टोकाच्या झाडाची लाल चिंधी सोडायला घेतली. गाठ हट्टी होती. परवा तिनेच बांधली होती, आणि फवारणीची गाठ सैल बांधायची नाही ही मळ्यातली जुनी शिस्त. लाल चिंधी म्हणजे या ओळीत औषध पडलं आहे. फळ तोडायचं नाही, सावलीला बसायचं नाही, पोराबाळांना फिरकू द्यायचं नाही. मळ्यातल्या निम्म्या बायकांना अक्षरओळख नव्हती, पण चिंधी सगळ्यांना वाचता यायची. गाठ सुटली. आत्याने चिंधी पिशवीत कोंबली, वाटेवर आली आणि मगच श्वास घेतला.

"पाहुण्या बाईंनी विचारलं, औषध मारता का, तर?"

"नाही मारत."

"कधीपासून?"

"पान मिळालं तेव्हापासून."

"अगदी बरोबर." साहेब हसले, पण त्यांचा रुमाल घामाने ओला झाला होता. "तुम्ही आहात म्हणून मला घोर नाही. बाकीच्यांचं काही सांगता येत नाही. त्या बडबड्या रेडिओला तर बाईंच्या वाऱ्यालाही उभं राहू देऊ नका."

आत्याने मान डोलावली. 

पान म्हणजे मळ्याच्या फाटकावरची हिरव्या पानाची पाटी. तेच पान इथल्या कॉफीच्या पाकिटांवर छापलेलं असे. त्याचा अर्थ असा, की या मळ्यात विषारी औषधं मारत नाहीत, सावलीची मोठी झाडं तोडत नाहीत, ओढ्यात घाण सोडत नाहीत आणि तोडणीच्या बायकांना माणसासारखं वागवतात. हे शेवटचं ऐकून पहिल्यांदा सगळ्या बायका हसल्या होत्या. पण पान आलं आणि खरंच चाळीला संडास आले, हातमोजे आले, औषधांच्या कोठीला कुलूप लागलं आणि मजुरी वेळच्या वेळी हातात पडू लागली. साहेब वाईट माणूस नव्हते. यंदा फळ पोखरणारा किडा आला आणि त्यांचं धाबं दणाणलं. खालच्या तुकड्यातली फळं आतून भुगा व्हायला लागली, तेव्हा त्यांनी कोठीचं कुलूप काढलं, मागे राहून गेलेलं एक जुनं पिंप बाहेर आणलं आणि परगावची माणसं लावून परवा सकाळच्या सकाळी तो सगळा तुकडा फवारून घेतला. वरच्या तुकड्यांना हात लावला नाही. एवढ्या वेळेला, एवढ्याच तुकड्याला, असं ते ज्याला त्याला सांगत होते, बहुधा स्वतःलाही.

चाळीतली शेवटची खोली आत्याची. मुलगा मळ्याचा ट्रॅक्टर चालवायचा, सुनेचे दिवस भरत आले होते. काम आहे तोवर खोली, काम सुटलं की खोली सुटली, हा नियम पानाच्या आधीपासूनचा. पान आल्यावरही त्याला कुणी धक्का लावला नव्हता. सकाळी बुटाची नाडी बांधताना मुलगा म्हणाला होता, "आई, आज जपून. बाळ याच खोलीत यायला हवं. बाकी मला काही माहीत नाही."

खोली जायची भीती होतीच. पण आत्याला औषधाची भीती त्याहून जुनी होती. तिचा नवरा फवारणीवर असे. पाठीवर पंप, तोंडावर काही नाही. आधी त्याचे डोळे चुरचुरायचे, मग हात थरथरायला लागले, मग त्याच्या शर्टाची बटणं आत्या लावून द्यायची, आणि शेवटी त्याला श्वास पुरेना. डॉक्टर म्हणाले, विडी ओढत असेल. उभ्या जन्मात त्याने विडीला हात लावला नव्हता. तो गेल्यावर चिंध्या बांधायची रीत आत्यानेच मळ्यात पाडली. अजूनही त्या वासाने तिचे पाय आपोआप मागे सरत आणि तळव्यांना घाम फुटे.

पानासाठी मळा तपासायला आलेली पाहुणी बाई जीपमधून उतरली तेव्हा सगळ्यांना थोडं फसवल्यासारखं वाटलं. कुणीतरी जाडजूड, करड्या आवाजाची अधिकारीण येणार अशी तयारी करून सगळ्या उभ्या होत्या, आणि आली ती चष्म्यातली किरकोळ मुलगी. बूट तेवढे मोठे होते.

"हिला घाबरायचं होय?" रेडिओ कुजबुजली. रेडिओचं खरं नाव तिच्या नवऱ्याच्या तरी लक्षात असेल की नाही कोण जाणे. ती सकाळी सुरू व्हायची ती झोप लागली की बंद व्हायची.

"गप गं," आत्या म्हणाली.

साहेबांनी बाईला आधी वरचे तुकडे दाखवले. आत्या बरोबर होतीच. बाईने सावलीच्या झाडांना हात लावून पाहिला, माती चिमटीत घेऊन चुरली, पक्ष्यांचा आवाज ऐकत उभी राहिली. मग तिने आत्याकडे मोर्चा वळवला.

"मी पण आत्या म्हटलं तर चालेल ना? सगळेच म्हणतात."

"म्हणा की, ताई."

"झाडांना औषध मारता का हो?"

"नाही मारत. पान मिळालं तेव्हापासून नाही."

जीभ जरासुद्धा अडखळली नाही. आत्याला स्वतःचंच नवल वाटलं. साहेबांनी दुसरीकडे बघत सुस्कारा सोडला. खोटं बोलणं इतकं सोपं असतं हे कळून आत्याला उलट जास्तच भीती वाटली.

आणि मग तिच्या हातून ती चूक झाली. मळ्यात नवं माणूस आलं की त्याच्या हातावर एक पिकलं फळ ठेवायचं, अशी तोडणीच्या बायकांची पद्धत होती. कॉफी पिणाऱ्यांना ठाऊकच नसतं, की त्या कडू बीभोवती पातळसा गोड गर असतो. आत्याने चालता चालता, काही विचार न करता, एक लालबुंद फळ तोडून बाईच्या हातावर ठेवलं.

"चोखून बघा. बी टाकून द्या."

बाईने फळ चोखलं आणि तिचा चेहराच बदलला. "हे इतकं गोड असतं? मी एवढी वर्षं कॉफी पिते आहे, आणि मला हे कुणी सांगितलंच नाही."

त्यानंतर ती दिसेल ते लाल फळ तोडून तोंडात टाकू लागली. साहेब खूश झाले. आत्याही हसली. आपण काय करून ठेवलं आहे ते तिच्या डोक्यात आलं नाही.

दुपारी जेवायला सगळ्या पत्र्याच्या छपराखाली बसल्या. नको तेच झालं. बाई नेमकी रेडिओशेजारी जाऊन बसली आणि रेडिओ सुरू झाली. लांबून शब्द ऐकू येत नव्हते, नुसते हातवारे दिसत होते. साहेब कचेरीच्या दारात येरझाऱ्या घालत होते. आत्याने अर्धी भाकरी तशीच फडक्यात बांधून ठेवली.

जेवणं झाल्यावर बाई म्हणाली, "आता ओढा बघायचा राहिला."

साहेबांनी तोंड उघडलं, तेवढ्यात गर काढायचं यंत्र अडकलं म्हणून मुकादम पळत आला. साहेबांनी एकदा यंत्राच्या दिशेला पाहिलं आणि एकदा आत्याकडे. "आत्या नेतील तुम्हाला," ते म्हणाले, आणि डोळ्यांनी आत्याला वरच्या, लांबच्या वाटेची खूण केली.

लांबच्या वाटेवरून त्या दोघी उतरू लागल्या. न बोलता चालणं आत्याला जड जात होतं, म्हणून तिने विचारलं, "ताई, ही आपली कॉफी पितं तरी कोण?"

"कोणीही. समजा, एक बाई दुकानात उभी आहे. समोर दहा तऱ्हेची पाकिटं आहेत. ती पान बघते आणि आपलं पाकीट उचलते. महाग असलं तरी." बाईने बुटाला लागलेला चिखल दगडावर घासला. "तिला वाटतं, निदान ही कॉफी पिऊन आपण कुणाचं वाईट करत नाही. तिला काही इथे येता येत नाही. म्हणून मी येते."

ती दुकानातली बाई तिला उगाचच दिसायला लागली. हातात पिशवी, कदाचित घरी दिवस भरलेली सून.

"अहो, इकडून तर ओढा समोर दिसतोय," बाई एकदम म्हणाली आणि डावीकडे वळली. "मग वळसा कशाला?"

"तिकडे चिखल आहे, ताई."

"माझे बूट आहेत की."

आत्याला पुढचं काही सुचेपर्यंत बाई खालच्या तुकड्यात शिरलीसुद्धा. आत्या जीव मुठीत धरून मागे धावली. नवख्याला कळला नसता, पण वास होता. पानांखाली, मातीजवळ, गोडसर आणि घशात खरखरणारा. आत्याचे तळवे ओले झाले. परत फिरावं असं पायांनी ठरवलं होतं आणि ती त्यांना पुढे ओढत होती. ओढ्यापर्यंत थोडंच तर चालायचं आहे. बाई बघेल, परत येईल, जीपमध्ये बसेल. बाळ खोलीत येईल.

"इथली फळं केवढी पिकलीत," बाई म्हणाली. "अजून कुणी तोडली कशी नाहीत?"

तिने एक फळ तोडलं आणि बोलता बोलताच तोंडाकडे नेलं.

किडकं आहे, असं म्हणता आलं असतं. पोट बिघडतं, असं म्हणता आलं असतं. पुढे कितीतरी दिवस आत्याला अशी उत्तरं सुचत राहिली. त्या क्षणी मात्र काही सुचलं नाही. तिचा हात सुटला आणि बाईच्या हातावर असा बसला, की फळ उडून कुठल्या कुठे गेलं आणि चष्मा एका कानावरून निसटला.

दोघीही जागच्या जागी थांबल्या. आपण पाहुणीवर हात उचलला हे आत्याच्या ध्यानात यायला वेळ लागला.

"आत्या," बाईने चष्मा सारखा करत हळूच विचारलं, "इथे काही मारलंय का?"

"हात धुऊन घ्या आधी."

बाई ओढ्याकडे वळली.

"ओढ्यात नको," आत्या म्हणाली. "वर नळ आहे."

एवढं बोलून ती वाटेवर मटकन खाली बसली. बाईही घाबरली होती. ओठ पांढरे पडले होते. मग तिने खिशातून पिशवी काढून हातावर चढवली, त्याच हाताने झाडाची दोन-तीन पानं तोडली आणि पिशवी उलटी करून गाठ मारली.

नळावर हात धुताना ती म्हणाली, "मी मळ्याचं पान थांबवलं, तर तुमचं काय होईल?"

"खोली जाईल. सुनेचे दिवस भरलेत."

"आणि काहीच बघितलं नाही असं धरलं, तर?"

आत्याला उत्तर माहीत होतं. ते तोंडातून काढायला तिला फार त्रास झाला. "तर पुढच्या वर्षीही मारतील."

बाई बराच वेळ हात धूत राहिली. "पानं तपासायला जातील. तुमचं नाव कुठेही येणार नाही. तुम्ही मला काही बोलला नाहीत."

"मी काही बोललेच नाही," आत्या म्हणाली. आणि ते जवळजवळ खरंच होतं.

बाई कचेरीत साहेबांशी बोलून आली आणि जीप गेली. उन्हं कलली तशी वजनकाट्यापुढे बायकांची रांग लागली. साहेब कचेरीतून बाहेर आले ते आजाऱ्यासारखे दिसत होते. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"पान थांबलं," ते म्हणाले. "बाई खालच्या तुकड्यातली पानं घेऊन गेल्या. एवढा मोठा मळा पडलाय, त्यांना नेमका तोच तुकडा सापडावा?" त्यांचा आवाज कापला. "मी काय माझ्या एकट्यासाठी केलं होतं? मळा बसला तर तुम्ही जाणार कुठे?"

रांगेतल्या बायका आपापल्या टोपलीकडे बघत राहिल्या.

"ज्याने तोंड उघडलं, त्याने उद्या खोली सोडायची." असं म्हणून त्यांनी रेडिओकडे पाहिलं. त्यांच्यामागोमाग सगळ्यांनी पाहिलं.

"मी नाही हो, साहेब," रेडिओ म्हणाली. "मी आपलं त्यांना माझ्या गुडघ्याचं सांगत होते."

"जेवण होईपर्यंत गुडघाच सांगत होतीस?"

"दोन्ही गुडघे, साहेब."

एरवी हशा पिकला असता. आज कुणाच्या ओठाची कड हलली नाही. साहेब म्हणाले, "सामान आवर," आणि रेडिओ गप्प झाली. तिचं तोंड उघडंच होतं, पण त्यातून शब्द येईना. तिला असं गप्प झालेलं कुणी कधी बघितलं नव्हतं.

"आणि आत्या, तुम्ही तरी हिच्यावर लक्ष ठेवायचं होतं," साहेब दमलेल्या आवाजात म्हणाले.

म्हणजे आपल्यावर संशयच नाही. आत्याच्या छातीवरचा दगड उतरला. खोली राहिली. बाळ राहिलं. नुसतं उभं राहायचं होतं, आपली पाळी येईपर्यंत. मग तिला आपल्याला किती हायसं वाटलं ते जाणवलं, आणि स्वतःचीच किळस आली. समोर रेडिओची पाठ होती. त्या पाठीवर ब्लाउज फाटून पुन्हा शिवलेला होता. तिच्याही खोलीत माणसं होती.

आत्याला इतकी भीती वाटत होती की कानात सूं असा आवाज येत होता.

"ती नाही, साहेब. मी."

हे इतकं हळू निघालं, की फक्त पुढच्या बाईने मान वळवली. आत्याला ते परत म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा म्हणणं पहिल्यापेक्षा कठीण होतं.

साहेबांनी मान हलवली. "आत्या, कुणाला पाठीशी घालू नका. मी तुम्हाला ओळखतो. तुम्ही असं करणार नाही."

"मीच केलं."

"काय सांगितलंत तुम्ही त्यांना?"

"सांगितलं काही नाही. बाई तिथलं फळ तोंडात घालायला निघाल्या. मी त्यांच्या हातावर मारलं."

साहेब तिच्याकडे बघत राहिले. राग यायला हवा होता तो त्यांना येत नव्हता. "एवढ्याशा एका फळाने काय होणार होतं, आत्या?"

"मला माहीत नाही, साहेब," आत्या म्हणाली. "मला भीती वाटली."

ते कचेरीकडे वळले आणि आत गेले. खोलीबद्दल काही बोलले नाहीत. बोलायची गरज नव्हती, नियम सगळ्यांना पाठ होता. रांग पुढे सरकली. आत्याची पाळी आली तेव्हा तिने जीप गेल्यावर भरलेली अर्धी टोपली काट्यावर ठेवली. एरवी चाळीपर्यंत ऐकू जाईल असं ओरडून वजन सांगणारा मुकादम आज तिच्या कानाजवळ येऊन बोलला. बायका बाजूला झाल्या. वाट द्यायला की अंगाला अंग लागू नये म्हणून, ते आत्याला कळलं नाही.

बातमी तिच्या आधी घरी पोचली होती. मुलगा अजून ट्रॅक्टरवर होता. सून एवढं पोट घेऊन स्टुलावर चढली होती आणि फळीवरची भांडी काढत होती.

"उतर आधी खाली," आत्या घाबरून म्हणाली आणि तिने तिचा दंड धरला.

सून सावकाश उतरली. तिने जरा दम घेतला. मग म्हणाली, "आई, त्या बाईंनी ते फळ खाल्लं तर नाही ना?"

"नाही."

"मग बरं झालं." तिने खाली पसरलेल्या चादरीवर डबे नीट एकात एक घालायला घेतले. "चहाचं भांडं तेवढं वर राहू द्या. सकाळी लागेल."

आत्या स्टुलावर चढली. चहाचं भांडं तिने फळीच्या कडेला सरकवून ठेवलं आणि बाकीचं एकेक काढून सुनेच्या हातात देऊ लागली.